पेव उघडताना

गणपती पेठेत कुणालाही सांगितलं, पिशवी काढली,
तर पुढं विचारत नाहीत.
चौगुल्यांच्या चंपाक्कांनी उलट स्वतःचीच तारीख सांगितली,
टाके किती, बिल किती,
वर, जड उचलू नको बाई वर्षभर.
मी हो म्हटलं.
आमच्याकडं बाईचं ऑपरेशन म्हणजे काढणं.
माझं काढायचं नव्हतं.
त्याला शब्द नव्हता, म्हणून त्यांचाच घेतला,
उसना, सुट्ट्या पैशांसारखा.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं.
पेनातली शाई संपत आलेली, रेघ मधेमधे तुटत होती.
म्हणाल्या, इन्सियाबाई, मी नवीन काही बसवत नाही.
वरचं गेलं. बाकीचं आतच आहे,
जन्मलात तेव्हापासूनचं.
वण सोडवायचा, त्याला वर येऊ द्यायचं.
किती जाणवेल, सांगू शकत नाही.
दुखेल मात्र. काही आठवडे आत्तापेक्षा जास्त.

खोटं बोलल्या असत्या
तर मी उठून घरी आले असते.

सात वर्षांची होते, बावांनी हरिपूरला नेलं होतं.
हळदीचं पेव उघडत होते.
शेणामातीनं लिंपलेलं तोंड फोडलं,
आणि सगळे लांब सरकून बसले, कुणी बिडी पेटवली.
का थांबलेत, मी विचारलं.
हमाल म्हणाला, आतली हवा मारते पोरी.
आधी तिला बाहेर पडू द्यायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर आज नाही.
दुपार कलल्यावर हळद वर आली,
पाच वर्षांची, कीड नाही,
बोटांना लागली ती दोन दिवस गेली नाही.

त्याच महिन्यात मला मावशीकडं नेलं.
जिन्याच्या सोळा पायऱ्या.
फुलाफुलांचा पडदा.
इथं कंदील विझतो.

तिसऱ्या दिवशी सिस्टर सुवार्ता ड्रेसिंगला आली.
विचारलं, सोडू का पट्टी?
मी गप्प.
ती थांबली, हातमोज्यातले हात हवेत धरून,
घड्याळाकडं न बघता.
पुन्हा विचारलं.
चौतीस वर्षांत त्या जागेसाठी
मला कुणी विचारलं नव्हतं.
मुस्तनसिरनंही नाही. तो चांगला आहे,
विचारायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.
बाहेरून ट्रॉली गेली, एक चाक कुरकुरत.
तेल हवं, मी मनात म्हटलं, दोन थेंब पुरे,
आणि मग तिला, हो.

आई डबा घेऊन आली.
मुगाची खिचडी, वर तूप.
तिलाही मी पिशवीच सांगितली होती.
झाकण मांडीवर ठेवून,
माझ्याकडं न बघता म्हणाली, दुखे छे?
तेव्हा विचारलं नव्हतंस,
हे वाक्य जिभेवर तयार होतं,
इतकी वर्षं घासून घासून धार लावलेलं.
घणू, मी म्हटलं.
ती मान हलवत राहिली.
मग खिडकीशी बोलल्यासारखं, हळू,
मने पण.
खिचडी गार झाली. दोघींनी तशीच खाल्ली.

आज बेचाळिसावा दिवस.
गल्ल्यावर बसते, खाली मधे भोक असलेली उशी.
पिशवीला इतके दिवस लागत नाहीत, चंपाक्का म्हणतात.
त्यांना सांगेन कधीतरी. बहुतेक.
कधी दुखतं. कधी दुखण्यापेक्षा वेगळं काही,
बधिर पाय जागा होताना येतात तशा मुंग्या.
त्याला नाव ठेवायची घाई नाही.
गिऱ्हाईक तीन इंची पितळी बिजागरी मागतं.
चार मोजून देते, स्क्रू वेगळे.

हरिपूरची पेवं पुरात बुजली म्हणे.
सगळी नाहीत, असंही कुणी म्हणालं.
रिक्षात नीट बसवेल तेव्हा जाऊन येईन,
अरवाला घेऊन.
तिला कुठंच नेलं नव्हतं मी, सातव्या वर्षी.